मागच्या जन्मातला 'मी' नकोसा वाटतो तेव्हा

पूर्वजन्माच्या आठवणी सांगणारी माणसे बहुधा स्वतःच्या मरणाबद्दल बोलतात. बुडालो, जळालो, लढाईत पडलो. सांगायला ते भयंकर असले तरी ऐकणाऱ्याची सहानुभूती मिळते. दुसऱ्या एका प्रकारची आठवण मात्र सेशन संपल्यावर थेरपिस्टलाही धड सांगवत नाही. तीत मारणारे आपण असतो. कधी मारतही नसतो, नुसते उभे राहून बघत असतो, आणि समोर तडफडणाऱ्या माणसाबद्दल मनात कणभर माया नसते. घरी आल्यावर जेवण जात नाही, आरशात बघवत नाही. 'मी अशी होते?' हा प्रश्न पाठ सोडत नाही.

समजा, पन्नाशीतल्या एका शिक्षिकेला रिग्रेशनमध्ये, म्हणजे संमोहनातून मागच्या जन्मात नेणाऱ्या सेशनमध्ये, जुना वाडा दिसला. अंगणाच्या कोपऱ्यात पाटावर बसवलेली सोळा-सतरा वर्षांची सून, नवरा जाऊन दहा दिवस झालेली. शेजारी वस्तरा घेतलेला न्हावी. पडवीत सोवळे नेसून उभी असलेली सासू. ती सासू म्हणजे आपणच, हे या बाईंना आतून पक्के जाणवते. सून हुंदके देते आणि सासूला तिचा राग येतो, एवढा कसला तमाशा म्हणून. मग केस खाली पडतात आणि सासूच्या मनात एक समाधान पसरते, सगळे रीतीप्रमाणे पार पडले याचे. शुद्धीवर आल्यानंतर या बाईंना वस्तरा फारसा आठवत नाही. छळते ते समाधान.

हा लेख त्यांच्यासारख्यांसाठी आहे. पुनर्जन्म खरा की खोटा, हा वाद मी इथे सोडवायला बसलेले नाही. माझे म्हणणे एवढेच की अशा आठवणीतून आलेली वृत्ती, मग तो तिरस्कार असो, जातीचा ताठा असो की क्रूर निर्विकारपणा, याच जन्मात हाताळावी लागते. आस्तिकालाही आणि नास्तिकालाही त्यासाठी करायचे काम जवळपास एकच आहे.

पहिले काम त्याच रात्री करावे. एक वही घ्या आणि लिहून काढा. पण चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा. डोळ्यांसमोर नेमके काय दिसले. त्या वेळी काय वाटले. थेरपिस्ट काय म्हणाले, कोणता प्रश्न विचारला. आणि घरी येताना रिक्षात बसून तुम्ही स्वतः काय जोडले. आठवड्याभरात या चारही गोष्टी एकमेकींत मिसळून जातात आणि मग त्या सोडवता येत नाहीत. 'त्या बाईच्या मनात राग आहे का?' असा प्रश्न आला आणि त्यानंतरच राग दिसला असेल, तर तेही वहीत यायला हवे.

हे का सांगते? कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संमोहनातून निघणाऱ्या पूर्वजन्मांवर प्रयोग केले. ते १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. संमोहनापूर्वी काही जणांना मुद्दाम सांगण्यात आले होते की जुन्या काळी लहान मुलांचा छळ सर्रास होत असे. त्या मंडळींच्या 'मागच्या जन्मात' छळाच्या आठवणी इतरांपेक्षा जास्त निघाल्या. आणखी एकाने स्वतःला रोमचा सम्राट ज्युलियस सीझर म्हणवले आणि साल सांगितले इ.स. ५०. सीझरचा खून इ.स.पू. ४४ मध्ये झाला आणि तो सम्राट कधी झालाच नाही. ही माणसे लबाड नव्हती. संमोहनाच्या अवस्थेत मन ऐकलेले, वाचलेले, सुचवलेले असे सगळे गोळा करून एक सलग कथा उभी करते आणि ती आठवणीसारखीच भासते.

म्हणून वहीत पाचवी नोंदही करा: हे दृश्य मी आधी कुठे पाहिले होते का? केशवपनाचे चित्र आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात असते. चित्रपटांतून, कादंबऱ्यांतून, आणि अनेक घरांत तर आजीने सांगितलेल्या आलवणातल्या आत्याच्या गोष्टीतून. हा शेवटचा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. घरातल्या वयस्कर माणसांपाशी बसून विचारा. पणजीच्या पिढीत कोण लवकर विधवा झाली होती? तिचे पुढे काय झाले? कोणी करायला लावले? पुष्कळदा असे निघते की ज्याला आपण आपला मागचा जन्म समजत होतो, ती आपल्या घराण्याची न बोललेली गोष्ट आहे. तसे निघाले तर ओझे कमी होत नाही, पण ते कुठे ठेवायचे ते कळते.

इथे एक पळवाट समोर येते: म्हणजे हे सगळे कल्पनेतले, विषय संपला. मला ती मान्य नाही. दृश्य कुठूनही आले असो, ते समाधान तुमच्याच मनाने अनुभवले. सासूच्या आत शिरून बघता आले याचा अर्थ त्या भावनेची वाट तुमच्या ओळखीची आहे. अर्थात, वाट ओळखीची आहे म्हणजे तुम्ही तिथे राहता असे नाही. एवढी जागा स्वतःला नक्की द्या.

आता अपराधाच्या भावनेबद्दल. पाली जातककथांमध्ये तेमिय नावाच्या राजकुमाराची कथा आहे. महिन्याचा असताना तो बापाच्या मांडीवर बसून चोरांना दिल्या जाणाऱ्या कठोर शिक्षा ऐकतो आणि त्याला आठवते की एका जन्मी आपणही याच वाराणसीत वीस वर्षे राजा होतो, अशाच शिक्षा देत होतो, आणि त्यापायी ऐंशी हजार वर्षे नरकात पडलो होतो. पुन्हा राजा व्हायला नको म्हणून तो सोळा वर्षे मुका आणि पांगळा असल्यासारखा राहतो. कथा त्याचा गौरव करते, कारण त्याला संन्यास घ्यायचा आहे. आपल्याला उद्या सकाळी शाळेत जायचे आहे, घरच्यांसाठी डबे भरायचे आहेत. आपण तेमिय झालो, म्हणजे स्वतःवरचा विश्वासच काढून घेतला, कोणाला रागावायचे नाही, कुठला निर्णय घ्यायचा नाही असे ठरवले, तर त्याचा भार घरातल्या इतरांवर पडतो. अपराधाची भावना महिनोन्महिने कुरवाळत बसणे हाही स्वतःमध्येच गुंतून राहण्याचा प्रकार आहे. ज्या मुलीचे केस गेले ती या सगळ्यात कुठेच नसते.

उलट बाजूचे वाक्य तर आपल्याकडे फारच तयार असते: त्या काळी सगळे तसेच होते. हे वाक्य तपासून बघू या, कारण या विषयात सर्वांत जास्त फसवणूक त्यानेच होते. वाड्यातले ते दृश्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे असे धरा. १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, फसवल्या गेलेल्या विधवांना सुरक्षित बाळंतपण करता यावे म्हणून. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' छापले गेले. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ठरवले की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ज्यांचे पोट त्या वस्तऱ्यावर होते, ती माणसे नाही म्हणाली.

तेव्हा 'सगळे तसेच होते' हे खरे नाही. बरेच तसे होते, काही तसे नव्हते, आणि जे नव्हते त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. त्याच वेळी त्या सासूकडेही नीट बघा. तिचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी झालेले असणार. अक्षरओळख नाही. उद्या नवरा गेला तर त्याच पाटावर तिलाही बसावे लागणार, हे तिला ठाऊक होते. ज्या रीतीच्या धाकाखाली ती जगली, ती रीत पार पाडणे एवढाच तिच्या हातातला अधिकार होता. हे समजून घेतल्याने तिने केलेले बरोबर ठरत नाही. तिला समजून घेणे आणि तिचे कृत्य चूक म्हणणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येतात. सुरुवातीला कठीण जाते, सवयीने जमते. वहीत तिला एक पत्र लिहा. 'मी' म्हणून नव्हे, 'तुम्ही' म्हणून. तुम्हाला कशाची भीती होती, हे मला दिसते. तुम्ही जे केलेत ते मला मान्य नाही. माझ्या अनुभवात, 'मी अशी होते' हे वाक्य मागे पडायला अशा पत्राची सर्वांत जास्त मदत होते.

यानंतरचे काम या लेखाचा गाभा आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत पूर्वजन्माच्या ज्ञानाचाही उल्लेख आहे, पण आपल्या उपयोगाची जागा दुसरीकडे आहे: साधनपादात, हिंसादी विचार मनाला पछाडतात तेव्हा काय करावे ते सांगताना. तिथे असे विचार तीन प्रकारांनी आपल्याकडे येतात असे म्हटले आहे: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि नुसते अनुमोदन दिलेले. उपाय सांगितला आहे प्रतिपक्षभावनेचा, म्हणजे उलट दिशेचा विचार मुद्दाम जोपासण्याचा. सासूच्या मनातले ते समाधान म्हणजे शुद्ध अनुमोदन. म्हणून 'मी मागच्या जन्मी काय केले' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि विचारा: आज, या घरात, या नोकरीत, कोणाला त्याच्या जागी दाबून ठेवलेले बघून मला आतून बरे वाटते?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. कामाला येणाऱ्या मावशींचा वेगळा कप. जागा भाड्याने देताना आधी विचारलेले आडनाव. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांकडून मुळात काही अपेक्षाच न ठेवणे. आणि या शिक्षिकेच्या बाबतीत तर अगदी थेट: हळदीकुंकवाला विधवा जाऊबाईंना न बोलावणे, भाचीच्या लग्नात त्यांना ओवाळायला पुढे न येऊ देणे. केस काढणे थांबले, पण कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढून घेणे पुष्कळ घरांत अजून चालते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद करायचे ठरवले आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. म्हणजे वाड्यातले ते अंगण अजून पूर्ण रिकामे झालेले नाही, आणि नाही म्हणायची संधी तुम्हाला याच जन्मात, कदाचित याच वर्षी, नात्यातल्या एखाद्या घरी मिळणार आहे. त्या दिवशी बांगड्यांना हात घालणाऱ्या बायकांना 'थांबा' म्हणणे, हे तुमचे प्रायश्चित्त समजा किंवा साधी माणुसकी. त्यासाठी आधी तयारी करा: घरातल्या दोघी-तिघींशी आत्ताच बोलून ठेवा, कारण दुःखाच्या घरी ऐन वेळी एकटीच्या तोंडून शब्द फुटत नाही.

काही जणांना मागच्या जन्मी आपण सरदार, राजपुरोहित किंवा मोठे जमीनदार होतो असे दिसते आणि त्यात त्यांना काही खटकतही नाही. मला ते खटकते. त्या रुबाबाबरोबर आलेला तुच्छतेचा सूर ही तितकीच त्रासदायक वृत्ती आहे, फक्त ती सुखद असल्यामुळे तिच्यासाठी कोणी मदत मागत नाही. सेशननंतर आपले चालणे-बोलणे बदलले आहे का, हे घरच्यांना विचारा. तेच खरे सांगतील.

याहून धोकादायक आहे तो पुढचा निष्कर्ष: मी तेव्हा पुण्य केले म्हणून आज इथे आहे, आणि ते तिथे आहेत ते त्यांच्या कर्माने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नेमक्या याच कल्पनेवर घाव घातला आहे. मागल्या जन्मीच्या कर्मावर आजची गरिबी आणि हीन दर्जा ढकलला की समाजाला आणि राज्यसंस्थेला आपली जबाबदारी झटकता येते, असे त्यांचे म्हणणे. पुनर्जन्म मानणाऱ्याने हा आक्षेप आधी पचवावा आणि मगच स्वतःच्या आठवणीचा अर्थ लावायला बसावे, असे मला मनापासून वाटते. तुमची आठवण दुसऱ्या कोणाच्या दुःखाचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

कधी वृत्ती उलट बाजूने येते. तुम्ही बळी असता, मारणारे अमुक एका धर्माचे किंवा जातीचे असतात, आणि सेशननंतर त्या समाजातल्या आजच्या माणसांविषयीही मनात कडवटपणा उरतो. महाभारतातली अंबा पुढच्या जन्मी शिखंडी झाली, मागचे सगळे आठवेल असा वर घेऊन, आणि तो सगळा जन्म भीष्माच्या मरणाभोवती फिरत राहिला. अंबेवर अन्याय झाला होता, यात शंका नाही. पण तिचा निदान भीष्म तरी समोर होता. तुमच्यासमोर आहे तो वरच्या मजल्यावरचा शेजारी, ज्याने तुमचे काही केलेले नाही. अशा वेळी दुःखाला पूर्ण वाट द्या, रडा, त्या मेलेल्या जिवासाठी दिवा लावावासा वाटला तर लावा. मात्र मारणाऱ्यांची जात-धर्म सांगत ती गोष्ट चारचौघांत फिरवू नका. प्रत्येक सांगण्यागणिक ती घट्ट होत जाते.

सांगायचे कोणाला, हाही प्रश्न आहेच. संत बहिणाबाईंनी आपले आधीचे बारा जन्म मुलाला, विठोबाला, सांगितले ते अगदी अखेरीस, १७०० साली देह ठेवण्यापूर्वी. ऐकणारा एकच होता आणि तो जवळचा होता. तसा एक माणूस निवडा. ज्याच्याशी तुमची आठवण जोडली गेली आहे असे वाटते, त्याला मात्र सहसा निवडू नका. 'मागच्या जन्मी तू माझी सून होतीस आणि मी तुला छळले' असे आजच्या सुनेला सांगून क्षमा मागणे तुम्हाला मोकळे करील, पण तिला अडचणीत टाकील. तिने काय उत्तर द्यायचे? तिला काल तुम्ही स्वयंपाकावरून बोललात, त्याची क्षमा मागा. ती तिच्या उपयोगाची आहे.

थेरपिस्टच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. प्रत्येक सेशननंतर आणखी एक काळा जन्म निघत असेल आणि तो 'क्लिअर' करायला पुढचे पॅकेज घ्यावे लागत असेल, दोष काढण्यासाठी महागडा विधी सुचवला जात असेल, किंवा मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगितले जात असेल, तर तिथून उठा. आणि कोणी बाबा, गुरू किंवा उपचारक 'मागच्या जन्मी तू माझी पत्नी होतीस' असे सांगून शरीरसंबंधांकडे वळवत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. कायद्याच्या अनुसूचीत पूर्वजन्मीच्या नात्याचा दावा करून केलेल्या लैंगिक शोषणाचा वेगळा उल्लेख आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

काही जणांना ते दृश्य दिवसाही नको असताना पुन्हा पुन्हा दिसू लागते, झोप उडते, आपल्या हातून घरातल्या कोणाला इजा होईल अशी भीती बसते किंवा स्वतःला शिक्षा करावीशी वाटते. हा कर्माचा हिशेब समजून सहन करत बसू नका. हा उपचाराने बरा होणारा त्रास असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. मागच्या जन्माचे सांगितले तर हसतील, या भीतीने ते लपवू नका. सगळे सांगितले तरच नीट निदान होते.

शेवटी मुलांबद्दल, कारण त्यांच्या आठवणी कोणी सेशन घेऊन काढलेल्या नसतात आणि त्यांचे आईबाप जास्त गोंधळतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९६० च्या दशकापासून अशा मुलांच्या नोंदी जमवल्या, त्यांत भारतातल्या पुष्कळ आहेत. उत्तर प्रदेशच्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातला साडेतीन वर्षांचा एक जाट मुलगा १९५४ मध्ये देवीच्या आजारातून उठला आणि आपण दुसऱ्या गावचे ब्राह्मण आहोत, या घरचे अन्न खाणार नाही असे सांगू लागला. शेजारच्या एका ब्राह्मण बाईंनी जवळजवळ दीड वर्ष त्याला वेगळे रांधून घातले. घरचे अधूनमधून त्याला फसवून आपले अन्न देत. ते त्याच्या लक्षात आले, आणि हळूहळू तो सगळ्यांबरोबर जेवू लागला. म्यानमारमध्ये तर स्टीव्हन्सन यांना अशी मुले भेटली, जी स्वतःला दुसऱ्या महायुद्धात तिथे मेलेले जपानी सैनिक म्हणवत, तिथल्या उकाड्याची आणि तिखट जेवणाची तक्रार करत. ज्या देशाने जपानी फौजेचा अंमल सोसला, तिथल्या आयांनी ही मुले वाढवली.

तुमचे मूल असे काही बोलले, आणि त्यात कोणाबद्दल घृणा असली, तर त्याला मारू नका, धर्माचा-पापाचा धाक घालू नका, आणि पाहुण्यांसमोर उभे करून पुन्हा वदवूनही घेऊ नका. ऐकून घ्या, तारीख टाकून लिहून ठेवा. 'तुला तसे वाटते होय' म्हणा आणि मग आपल्या घरची पद्धत शांतपणे सांगा: आपल्याकडे सगळे एकत्र जेवतात, आपण कोणाला असे बोलत नाही. फसवून खायला घालू नका, त्याने विश्वास जातो, वाट बघा. अशी मुले बहुतेक दोन ते पाच या वयात बोलू लागतात आणि सात-आठ वर्षांची होईतो त्यांचे ते बोलणे आपोआप थांबते.